काम चालू आहे

"तीन नंबरमध्ये नका जाऊ, ते आजोबांचं आहे," ती बाई म्हणाली, आणि कडीकडे गेलेला त्याचा हात तसाच थांबला. सकाळचे सात वाजले होते. बाजारामागच्या सार्वजनिक शौचालयात तो आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होता, तेही नाइलाजाने. घराची ड्रेनेजची लाइन कालपासून उकरून ठेवलेली होती आणि प्लंबरने सगळ्यांना बजावलं होतं की दोन दिवस संडासाला कुलूप आहे असं समजा, मगभर पाणीसुद्धा वरून सोडू नका, खाली माझं डोकं असणार आहे. तेव्हा सगळे हसले होते. आता मात्र टोपी भुवयांपर्यंत ओढून, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून, पोटात कळा येत असताना मागच्या गल्लीचा लांबचा वळसा घेऊन तो इथवर आला होता. बाई स्टुलावर बसून लोकरीचं काहीतरी विणत होती. सुया न थांबवता तिने हनुवटीने पुढचं दार दाखवलं. "चारमध्ये जा. आजोबा येतीलच आता, सव्वासातला." मग तिने नीट वर पाहिलं आणि सुया थांबल्या. "तुम्ही त्यांचे कोण? नाक अगदी तेच आहे." खोटं बोलायला हरकत नव्हती, पण नाक काही टोपीखाली मावत नाही. "मुलगा," तो म्हणाला. "मग झालं का एकदाचं तुमच्या घरातलं संडास बांधून? आजोबांना कधीही विचारा, म्हणतात, काम चालू आहे. दोन वर्षं ऐकतेय मी. एवढं कसलं हो काम?" तो काहीतरी पुटपुटला आणि चार नंबरमध्ये शिरला. शिरता शिरता त्याला तीन नंबरच्या दाराशेजारी भिंतीत ठोकलेला एक खिळा दिसला. खिळ्याला चिंधी गुंडाळलेली होती. काठी अडकवायला असावा, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर होता.

आत बसल्यावर मघाच्या कळा कुठे गेल्या कोण जाणे. ज्याच्यासाठी एवढा जीव घेऊन धावत आलो ते शरीर आता ढिम्म हलायला तयार नव्हतं. तो समोरच्या दारावरचे ओरखडे बघत राहिला. बाबा इथे येतात. बाबा रोज इथे येतात. बाबा फिरायला जातात असं तो दोन वर्षं समजत होता, समजत कशाला, मिरवत होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी गुडघे दुखतात म्हणालं की तो लगेच सांगायचा, आमचे बाबा बघा, अठ्ठ्याहत्तरी आहे, पाऊस असो, थंडी असो, पहाटेचा चहा झाला की काठी घेऊन बाहेर. लोक म्हणायचे, जुनी हाडं. तो म्हणायचा, हो ना. आणि त्या जुन्या हाडांना घरापासून इथवर यायला पंचवीस मिनिटं लागत असणार, त्याला स्वतःला चौदा लागली होती. ताप आला असेल त्या दिवशी? पोट बिघडलं असेल तेव्हा? मागच्या थंडीत बाबा आठ दिवस खोकत होते आणि तरी सकाळी बाहेर पडत होते. त्याने बायकोला म्हटलं होतं, म्हातारा हट्टी आहे, ऐकणार नाही. त्या वाक्याची आठवण येताच त्याच्या कानशिलांत इतकी उष्णता चढली की त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात बाहेर काठी वाजली. ठक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा ठक. "काय म्हणतो गुडघा?" बाबांचा आवाज आला. "तुमच्या गुडघ्यापेक्षा बरा आहे," बाई म्हणाली, आणि बाबा हसले. मोकळं, घशातून येणारं, थोडंसं खोकल्यात संपणारं हसू. घरात ते असे हसत नसत. घरात ते हसायच्या आधी कोणाकोणाचा चेहरा बघून घेत. बाई आता सांगेल, तुमचा मुलगा आलाय म्हणून, या भीतीने त्याने श्वास रोखला. पण ती काही बोलली नाही. शेजारची कडी लागली. मध्ये एक पत्र्याचा पडदा, खालून वीतभर उघडा. त्या वीतभर फटीतून त्याला बाबांच्या चपला दिसल्या, त्यानेच आणून दिलेल्या. आणि पन्नाशीचा, दोन माणसांवर साहेब असलेला, घरचा कर्ता माणूस चोरासारखा पाय फटीपासून आत ओढून बसला.

कारखान्यात त्याला भिंग म्हणत. काचेच्या बाटल्या उजेडाच्या पाटीसमोरून सरकत जायच्या आणि तो तडा, बुडबुडा, वाकडी मान असली की नुसत्या बोटाने बाटली बाजूला पाडायचा. तेवीस वर्षं. दिवसातून हजारदा तो 'चालेल' म्हणायचा आणि पंचवीस-तीसदा काहीच म्हणायचा नाही. डोळ्यांना ती सवय इतकी लागली होती की घरीही तो ताटाची कड, शर्टाची इस्त्री, बायकोने लावलेलं कपाट उजेडात धरल्यासारखं बघायचा. बायको थट्टा करायची, "आम्हाला पण पाटीसमोरून सरकवा एकदा." आई गेल्यावर बाबा इकडे राहायला आले. एक पेटी, एक काठी आणि कौलं चढवायची एक जुनी हातोडी, जी आता कशालाच उपयोगी नव्हती. बाबांनी चाळीस वर्षं लोकांची छपरं शाकारली होती. चौथ्या महिन्यात मागचा संडास तुंबला. मग दर तीन आठवड्यांनी तुंबायला लागला. एकदा तर बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणी जेवायला आलेल्या असताना न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं आणि सगळ्या जणी नाकाला रुमाल लावून, काही झालंच नाही असं दाखवत लवकर निघून गेल्या. त्या संध्याकाळी त्याने कारखान्यातला हिशेब घरी लावला. नऊ वर्षं लाइनला काही झालं नव्हतं. बाबा आले आणि सुरू झालं. साचा बदलल्यावर बाटलीत खोट आली तर साच्याकडे बघायचं, यात काय विचार करायचा. बाबांना मूळव्याध होती, ते मलम लावून कापूस वापरत. "तुम्ही कापूस टाकता का आत?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "नाही रे. कागदात गुंडाळून डब्यात टाकतो." त्याने विश्वास ठेवला नाही. म्हातारी माणसं विसरतात, असं त्याने मनाशी म्हटलं, म्हणजे विश्वास न ठेवणंही प्रेमळ वाटायला लागलं.

आणि मग त्याने तो नियम काढला. नियम हा शब्दसुद्धा आता त्या पत्र्याच्या खोपटात त्याला नकोसा झाला. "बाबा, साखळी ओढायच्या आधी मला हाक मारायची. मी बघेन. मग ओढायची." असं तो म्हणाला होता, जेवताना, भाजी वाढून घेत. बाबांनी मान हलवली. चार दिवस तो नियम चालला. सकाळी आतून हाक यायची, त्याच्या नावाने नाही, नुसती "अरे" अशी. तो टॉर्च घेऊन जायचा. बाबा दाराबाहेर पायजम्याची नाडी मुठीत धरून, भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. तो वाकून बघायचा. बापाचं ते. टॉर्च लावून. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्याला वाटलं होतं की बघा, धाक लागला की माणूस नीट वागतो. तिसऱ्या दिवशी तो सवयीने म्हणून गेला, "चालेल." ते ऐकून स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली होती, हातात झारा होता. रात्री ती म्हणाली, "हे बरं दिसत नाही हो. ते तुमचे वडील आहेत." तो म्हणाला, "मग तू साफ करशील का पाइप?" पाचव्या दिवशी बाबांनी चहा पिता पिता सहज सांगितलं की मी जरा सकाळचं फिरायला जात जाईन म्हणतो, बसून बसून पाय धरतात. "छान," तो म्हणाला होता. "अगदी छान." लाइन त्यानंतरही तुंबतच राहिली, पण तोवर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. आधीचा साठलेला कापूस आहे तो, हळूहळू येतोय. शेजारी पाणी ओतल्याचा आवाज आला, एक बादली, मग आणखी अर्धी, सावकाश, कडेकडेने, दुसऱ्याच्या घरी पाहुणा वापरतो तशी. कडी निघाली. काठी खिळ्यावरून उतरली. ठक, पाय, ठक. आवाज पार रस्त्याला मिळाला तेव्हा तो बाहेर आला. बाई विणकामातून डोकं वर न काढता म्हणाली, "मी काही बोलले नाही त्यांना." त्याला तिचे आभार मानायचे होते. पण आभार कशाचे, ते सांगावं लागलं असतं.

बाबांच्या आधी घरी पोचायचं म्हणून तो मागच्या गल्लीनेच अर्धा धावत आला. संडासापासून फाटकापर्यंत छातीएवढा चर खणलेला होता, चरात प्लंबर उतरला होता आणि काठावर प्लंबरचा मेव्हणा घमेल्याने चिखल ओढत होता. प्लंबर बोलका माणूस. पाइप फोडताना तो पाइपशी बोलायचा. आता मात्र तो कंबरेवर हात ठेवून गप्प उभा होता, आणि त्याचा मेव्हणा गालातल्या गालात हसत होता. "साहेब, जरा इकडे या," प्लंबर म्हणाला. "ही लाइन कोणी टाकली?" सहाच्या सहा पाइप उघडे पडले होते. दोन मधोमध खचले होते, आणि सांध्यासांध्यातून झाडाची मुळं आत शिरून घोड्याच्या शेपटीसारखी लोंबत होती. "पाइपचं एक टोक रुंद असतं, एक साधं. रुंद तोंड चढाकडे पाहिजे, म्हणजे वरच्या पाइपचं टोक त्यात बसतं आणि पाणी पुढे घसरतं. इथे सगळी तोंडं उताराकडे. प्रत्येक सांध्याला घाण जाऊन आदळतेय, थोडं पाणी बाहेर गळतंय, खालची माती गेली, पाइप बसला, पाण्याच्या वासाने मुळं आली. एक चुकला असता तर म्हटलं असतं नजरचूक. यानं सहाही उलटे टाकलेत. मन लावून उलटे टाकलेत." मेव्हणा आता उघड हसला. "कोण होता हो हा महाभाग?"

तो महाभाग चराच्या काठावर उभा होता. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका रविवारी ही लाइन स्वतःच्या हाताने टाकली होती. गवंडी शनिवारी आलाच नाही, आणि भिंग म्हणाला की त्यात काय, पाइपला पाइप जोडायचा. बायको चहा आणून देत होती, तो उघड्या अंगाने चरात होता, आणि एवढा आनंदी तो नंतर फारसा झाला नाही. घराकडून सुरुवात केली. पहिल्या पाइपचं रुंद तोंड समोर आ वासून होतं, त्यात दुसऱ्याचं टोक बसवलं, की तिसरा, किती सोपं. संध्याकाळी बादली ओतली, पाणी गेलं. पुढे कित्येक वर्षं पाहुणे आले की तो त्यांना फाटकाशी नेऊन पायाने जमीन ठोकून सांगायचा, याखालची सगळी लाइन आपली, घरची. पण त्या रविवारचं आणखी एक होतं, ते इतकी वर्षं त्याला आठवलं नव्हतं आणि आता चिखलाच्या वासाबरोबर वर आलं. आई-बाबा तेव्हा चार दिवस राहायला आले होते. बाबा दुपारभर चराच्या काठाशी उकिडवे बसून बघत होते. तिसरा पाइप बसवताना ते म्हणाले होते, "अरे, हे उलटं नाही ना होत? आम्ही खालून वर जातो. वरच्या कौलाची कड खालच्यावर यावी लागते, नाहीतर पाणी आत घुसतं." आणि त्याने मान वर न करता म्हटलं होतं, "बाबा, ही कौलं नाहीत. पाइप आहेत." बायको हसली होती. बाबासुद्धा हसले होते. म्हणजे बाबांना माहीत होतं. टॉर्च घेऊन तो वाकायचा आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे तेव्हा, त्या चारही दिवशी, त्यांना बहुधा माहीत होतं.

फाटक वाजलं. बाबा आले, काठी टेकत व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून चराकडे बघायला लागले. "बोला की साहेब," प्लंबर म्हणाला. महाभागाचं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "होता एक गवंडी. काम करून गेला निघून कुठेतरी." ते वाक्य बाहेर पडताना त्याला स्वतःचा आवाज पत्र्याच्या पलीकडून ऐकू आल्यासारखा वाटला. प्लंबर बाबांकडे वळला. "आजोबा, तुम्ही बघितला होता का तो कलाकार?" बाबांनी मुलाकडे पाहिलं नाही. त्यांनी थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. "होता," ते म्हणाले. "जरा लंगडायचा. डाव्या पायाने." प्लंबर म्हणाला, "तरीच," आणि कुदळ उचलून कामाला लागला.

त्यानंतर त्याने जे केलं ते तो पुढे कोणालाच सांगणार नव्हता. मेव्हण्याने पाइपमधून उपसलेल्या गाळाचा काठावर ढीग झाला होता. प्लंबर चहा प्यायला बसल्यावर तो एक काडी घेऊन त्या ढिगाशी गेला आणि उकरायला लागला. त्याला कापूस हवा होता. ढीगभर नको, एक बोळा, एक चिमूट, काळा पडलेला का असेना. चूक त्याची होती हे कळून चुकलं होतं, पण त्या चुकीत बाबांचा एवढासा, नखाएवढा वाटा निघाला तर त्याला उभं राहता आलं असतं. तो हरवलेली वस्तू शोधावी तसा कळकळीने शोधत होता. मुळं निघाली, वाळू निघाली, एक चहाचा चमचा निघाला, ज्याबद्दल त्याने तीन वर्षांपूर्वी बायकोला दोन दिवस ऐकवलं होतं. कापूस नव्हता. "काय शोधताय?" बायकोने मागून विचारलं. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने ढिगाकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "हात धुवून घ्या," आणि आत गेली.

दिवसभर प्लंबरने नवी लाइन टाकली, फाटकापासून घराकडे, खालून वर. बाबा खुर्ची चराजवळ ओढून बघत बसले होते आणि प्रत्येक सांधा बसला की मान हलवत होते. मध्येच प्लंबरने त्यांना काही विचारलं, त्यांनी हाताच्या दोन तळव्यांनी कौलावर कौल कसं येतं ते दाखवलं, आणि दोघं सारख्याच धंद्यातली माणसं बोलतात तसे बोलत राहिले. तो लांबून बघत होता. उन्हं उतरली, चर बुजवायची वेळ आली. "लोटू का माती?" प्लंबरने विचारलं. त्याला एकदम वाटलं की माती पडली की बोलायचं राहील ते राहीलच. "पाच मिनिटं थांबा," तो म्हणाला आणि बाबांजवळ जाऊन उकिडवा बसला, अकरा वर्षांपूर्वी बाबा बसले होते तसा. "बाबा, ती लाइन मी टाकली होती." "माहीत आहे रे. मी होतो की इथे." "तुम्ही सांगितलंही होतंत. उलटं आहे म्हणून." "सांगितलं असेन. आठवत नाही." "मग तो लंगडा गवंडी कशाला काढलात?" बाबा जरासे हसले, चेहरा बघून मगच. "तू म्हणालास ना, गवंडी होता. मग कसा होता ते कोणीतरी सांगायला नको?" तोही हसला, आणि हसल्याबरोबर त्याला हलकं वाटायला लागलं, आणि हलकं वाटलं याचीच शरम वाटली. कारण पाइपचं बोलणं सोपं होतं. पाइप चुकतात, कोणाचेही चुकतात. टॉर्चचं बोलायचं होतं. चार सकाळी. चालेल. बाजारामागचं तीन नंबर. 'बाबा, मी आज सकाळी शेजारी होतो,' एवढं वाक्य त्याच्या जिभेवर आलं, त्याने ते दातांनी धरून ठेवलं, आणि मग गिळलं. "लोटा माती," तो प्लंबरला म्हणाला. माती लोटल्यावर मेव्हण्याने पायांनी ती दाबली. प्लंबरने सात-आठ बादल्या सोडून चेंबरचं झाकण उचलून दाखवलं, पाणी कसं बिनबोभाट जातंय ते. "आता बिनधास्त वापरा," तो म्हणाला. "पन्नास वर्षं बघायला नको."

दुसऱ्या दिवशी तो सहालाच उठून पॅसेजमध्ये येऊन बसला. चहा झाला. बाबांनी नेहमीसारखी काठी घेतली, चपला शोधल्या. "बाबा, आता लाइन झाली," तो म्हणाला. "आता बाहेर कशाला?" बाबा चपलेत अर्धा पाय घालून थांबले. तो काय विचारतोय आणि का, हे दोघांनाही नीट कळलं, आणि दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "फिरायचं आहे ना," बाबा म्हणाले. "पाय धरतात." "फिरायला नंतर जा. मी पण येतो बरोबर. आधी इथेच..." पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.  बाबांनी चप्पल काढली, ती भिंतीशी सरळ लावून ठेवली, काठी ठेवायला इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने दाराशेजारच्या भिंतीवर गेला, तिथे खिळा नव्हता. तो पुढे झाला आणि काठी त्याने स्वतःच्या हातात घेतली. दार लागलं. काठीची मूठ अजून उबदार होती. आज संध्याकाळी इथे खिळा ठोकायचा, तो मनाशी म्हणाला, बरोबर त्याच उंचीवर, चिंधी गुंडाळून. बाजारामागच्या त्या बाईला जाऊन सांगायचं, की झालं काम. बाबांना पुढच्या महिन्यात कुठेतरी फिरवून आणायचं. एकेक ठरवत गेला तसा त्याचा जीव भांड्यात पडत गेला. एवढं बोलायची काय गरज आहे, असंही त्याला वाटून गेलं. काही गोष्टी न बोलता मिटतात. दिवस जातात, माणसं विसरतात, आणि बाबांना तर तसंही हल्ली आठवत नाही.

बराच वेळ गेला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला नाही, साखळीचाही नाही. मग हळूच कडी निघाली. "अरे," बाबांनी हाक मारली. तो काठी घेऊन उठला. बाबा दाराबाहेर आले होते. एका हाताने त्यांनी पायजम्याची नाडी मुठीत धरली होती, दुसऱ्या हाताने दार पूर्ण उघडं केलं आणि त्याला जायला वाट दिली. "मी ओढली नाही अजून," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. "कापूस डब्यात टाकलाय. तू बघून घे, मग ओढतो." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.